गुडघ्याखालचं व्हॉलीबॉल

आमच्या गावात माझ्याविषयी सगळ्यात कमी माहिती मलाच होती. मी किती उंच होणार, राज्याच्या संघात कोणत्या वर्षी जाणार, पुढे रेल्वेत लागणार की पोलिसात, आणि टीव्हीवर दिसायला लागल्यावर गावाला ओळख देणार की नाही, हे सगळं ग्रामपंचायतीसमोरच्या कट्ट्यावर ठरून गेलेलं असायचं. मी तेव्हा नववीत होते आणि शाळेच्या व्हॉलीबॉल संघात स्मॅश मारायचे. माझं कर्तृत्व एवढंच.

गाव चामोर्शीपासून तासाभरावर. धान कापून, चुरून घरात आलं की धानाची शेतं, आमच्या बांध्या, मोकळ्या होतात, माणसंही मोकळी होतात, आणि गावोगाव नेट बांधले जातात. आमच्याकडे पानठेलेवाले काका माईकवर बोलायचे. गावातल्या व्हॉलीबॉलवेड्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्यांचाच. सामना संपला की ठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता ते माझा निकाल लावत. 'पोरगी अजून चार बोटं वाढली की लीगवाले दारात उभे राहतीन,' असं त्यांनी एकदा ग्रुपवर टाकलं, तर त्यावर सत्तेचाळीस अंगठे आले. आमच्या गावात रस्त्याच्या मागणीवरही एवढे अंगठे येत नाहीत. मी ते अंगठे रोज बाबांच्या मोबाईलवर मोजायचे. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

या जाणकारांत एकच माणूस असा होता, ज्याने माझं भविष्य कधी सांगितलं नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणायचे. साठी ओलांडलेले, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला दुपट्टा. लोक खुर्च्यांसाठी भांडत असत आणि भाऊ मैदानाच्या कोपऱ्यात चुन्याच्या रेघेला लागून उकिडवे बसत. हातात मुलाने घेऊन दिलेला मोबाईल. त्यावर ते अख्ख्या सामन्याचं चित्रण करीत आणि ग्रुपवर टाकत. त्या चित्रणात फक्त पाय असायचे.

अतिशयोक्ती नाही. गुडघ्याच्या वरचं काहीही नाही. पोरं खेळोत, पोरी खेळोत, की पोट सुटलेल्या मास्तरांचा सामना असो, भाऊंच्या व्हिडिओत नुसती बुटांची, चपलांची आणि अनवाणी पायांची पळापळ. बॉल दिसायचाच नाही. मागून काकांचा माईक ओरडत असायचा, 'काय मारला! काय मारला!' आणि समोर कोणाच्या तरी सुटलेल्या लेस. पहिल्यांदा तो व्हिडिओ आला तेव्हा ग्रुपवर एकच गोंधळ. 'भाऊ, मोबाईल वर करा जी!' 'भाऊ, मान आखडली काय?' भाऊंनी दुसऱ्या दिवशी आवाजी निरोप पाठवला. 'वरतं काय हाय? बॉल सगळेच पाहून राह्यले. पाय कोणी पाहून नाई राह्यला.' आणि पुढचा व्हिडिओ पुन्हा पायांचाच.

हे वेड आलं कुठून, ते गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. भाऊ तरुणपणापासून बैल पारखायचे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवायची जोडी घ्यायची असली की लोक लांबून त्यांना बोलवायला येत. ते बाजारात जाऊन बैलांसमोर उकिडवे बसायचे आणि तासभर काही बोलायचे नाहीत. बैलाचं तोंड पाहायचं नाही, वशिंड पाहायचं नाही. मालक कंटाळून गुण सांगू लागला की म्हणायचे, 'बजारात आणताना शिंगं रंगवते माणूस. पाय कोण रंगवते?' मध्ये काही वर्षं पट बंद होते. गावात ट्रॅक्टर आले, भाऊंची स्वतःची जोडीही गेली, आणि एवढी तयार झालेली नजर बिनकामाची घरी बसली. मग एका हिवाळ्यात ते व्हॉलीबॉल पाहायला आले आणि तिथेच रमले.

त्यांना माणसांची तोंडं फारशी लक्षात राहत नसावीत. रस्त्यात भेटले की आधी पायांकडे पाहत, मग ओळख देत. पाऊस पडून गेल्यावर गल्लीच्या चिखलातले ठसे बघत मला सांगायचे, 'तुझा बाबा सकाळीच बाहेर गेला न? ओझं होतं त्याच्याजवळ.' आणि बाबा खरंच तांदळाचं पोतं घेऊन गेलेले असायचे. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला ब्रह्मपुरीकडे गेले होते. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडची मंडळी खुशीत. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, 'पोरगा कसा काय?' भाऊ आपल्याच पुतण्याच्या चपलांकडे बघत म्हणाले, 'पाय घासत चालते जी. आळशी हाय थोडा. बाकी बरा हाय.' सोयरीक तिथल्या तिथे संपली. पुतण्या दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. त्याचं पुढे दुसरीकडे जमलं, तेव्हा भाऊंना त्या घरी नेलंच नाही.

मला त्यांचा राग यायचा. मी चौदा वर्षांची, मला माझी उडी किती सुंदर दिसते याचीच ओढ, आणि हा माणूस माझ्याकडे बैलाकडे पाहावं तसं पाहणार. एकदा एकटीने तेरा गुण काढून सामना जिंकून दिला. काकांनी माईकवरून माझं नाव एवढ्या वेळा घेतलं की आईने घरी आल्यावर दृष्ट काढली. त्या दिवशी मुद्दाम भाऊंसमोरून गेले आणि विचारलं, "भाऊ, कशी खेळली मी?"

"चढणं बरं हाय," ते म्हणाले. "उतरणं पाह्य."

"म्हणजे?"

"चढते दोन पायांनं. उतरते एका पायावर. डाव्या."

मी तोंड वाकडं करून निघून गेले. खाली कसं यायचं हे शिकवायला निघालेत! खाली तर दगडही येतो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा मी कोणालाच सांगितली नव्हती. माझा डावा गुडघा दुखत होता. चार महिने झाले होते. सकाळी उठल्यावर तो वाकायचा नाही. मी अंघोळीच्या आधी मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायचे आणि आईने विचारलं की केसांना लावते म्हणायचे. कारण माघ महिन्यात चामोर्शीला निवड होती. निवासी क्रीडाशाळेत मुली घ्यायला नागपूरहून मॅडम येणार होत्या. तिथे राहणं, खाणं, शाळा, रोज दोन वेळा सराव आणि खरे प्रशिक्षक. वयाच्या अटीमुळे माझ्याकडे दोनच वर्षं होती, हे आणि पुढचं. तिथून निघालेल्या मुली संघांत गेल्या होत्या, नोकरीला लागल्या होत्या. तिथे गेले तर खेळाडू, नाही तर दहावीनंतर काय, याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडे नव्हतं. दुखणाऱ्या गुडघ्याची मुलगी कोण घेणार? म्हणून तेल, आणि गप्प.

निवडीच्या दिवशी दोन जीप भरून गाव आलं. काका गळ्यात माईक नसतानाही माईक असल्यासारखे बोलत होते. मी त्या दिवशी जीव खाऊन खेळले. मॅडमनी वहीत माझ्या नावाला गोल केला, तो मी स्वतः पाहिला. मग त्या सहज आमच्या लोकांकडे वळल्या. "या मुलीला रोज कोण पाहतं?"

"आम्ही सगळेच पाहतो जी!" काका पुढे सरसावले. "पुढच्या पाच वर्षांत लीगमध्ये नाई दिसली तर मिशी काढून टाकतो."

गर्दीत मागे भाऊ होते. ते पुढे आले आणि त्यांनी मोबाईल मॅडमच्या हातात दिला. मॅडम बघू लागल्या. आमचे लोक हसले. भाऊंचे पाय निघाले, आता मॅडमही कंटाळतील. पण मॅडम कंटाळल्या नाहीत. त्यांनी तो पूर्ण पाहिला, मग दुसरा पाहिला. मला बोलावून दहा उड्या मारायला लावल्या आणि त्याही त्यांनी खाली बघतच मोजल्या.

"गुडघा दुखतो का तुझा?"

"नाही मॅडम."

"दुखते," भाऊ म्हणाले. "चार महिने झाले. शाळेच्या पायऱ्या उतरताना दर पायरीवर डावाच पाय आधी खाली टाकते. पह्यले नव्हती टाकत."

मॅडमनी माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबला आणि माझ्या तोंडून नको तो आवाज निघून गेला. त्यांनी वही मिटली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आधी जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखव, विश्रांती घे, उतरायची सवय सुधार, पुढच्या वर्षी ये. त्या वर्षी आमच्या तालुक्यातून कोणीच गेलं नाही.

परतीच्या जीपमध्ये भाऊंना कोणी घेतलं नाही. ते कसे आले, मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत काकांनी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. 'भाऊंना काढले आहे' ही ओळ आली आणि तिच्यावर माझ्या उंचीच्या भविष्यापेक्षाही जास्त अंगठे पडले. ठेल्यावर त्यांना खर्रा मिळेना. ते पुढच्या गावापर्यंत चालत जाऊन खर्रा आणू लागले. गावाचं एक भविष्य त्यांनी बुडवलं होतं ना!

आणि मी काय केलं? मी त्यांच्या घरासमोर जाऊन ओरडले. "तुम्ही तुमच्या बैलांजवळच जा! माणसांत काऊन येता?" भाऊ अंगणात विळ्याला धार लावत होते. त्यांनी वर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "एक वर्ष हाय तुझ्याजवळ." मी आणखीही काही बोलले. ते मला इथे लिहवत नाही.

डॉक्टरांनी दोन महिने उड्या बंद सांगितल्या. मी घरी पडून होते, आणि आई माझ्याशी नीट बोलत नव्हती. मला वाटलं, निवड हुकली म्हणून. एका दुपारी ती माझ्या गुडघ्याला शेक देत बसली होती. एकदम म्हणाली, "मी तुही माय. रोज तुले जेवाले वाढतो. मले नाई समजलं, अन् त्या माणसाले पायऱ्यांवरून समजलं."

मी शेकाचं फडकं तिच्या हातातून घ्यायला गेले. तिने दिलं नाही.

"तू त्याच्यावर काऊन रागावली? खोटं बोलला काय तो?"

"नाही."

"मग?"

मला राग याचाच होता की ते खोटं नव्हतं. दोन महिने संपले त्या सकाळी आईने मला हाताला धरून भाऊंच्या अंगणात नेऊन सोडलं. "हे घ्या भाऊ," ती म्हणाली, आणि स्वतः रोजीवर निघून गेली.

भाऊंनी मला बस म्हटलं नाही, माफी मागायची संधीही दिली नाही. अंगणात एक चौकोन त्यांनी आदल्या संध्याकाळीच खणून, पाणी घालून भिजवून ठेवला होता. तो बहुतेक रोजच भिजवत असावेत, कारण मी येणार हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"मार उडी."

मी मारली. चिखलात पायांचे ठसे उमटले. भाऊ खाली बसले आणि दोन्ही ठशांत बोटं घालून पाहिली. "डावा दोन बोटं. उजवा अर्धं बोट. पुन्हा."

हाच त्यांचा सराव. बैल एखाद्या पायावर भार देतो की काय, हे ते पाणवठ्याच्या चिखलात असंच पाहायचे. व्हॉलीबॉलमधलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. गुण कसे मोजतात हेही त्यांना पक्कं माहीत नव्हतं, एकदा त्यांनी मला विचारलं होतं की बॉल नेटला लागला तर कोणाचा मरतो. पण चिखल त्यांना कळत होता. रोज सकाळी शाळेच्या आधी वीस उड्या, वीसदा बोटं. एकवीस नाही. एकविसावी मागितली तर म्हणायचे, "गुडघा कोणाचा हाय? त्याले इचार." बोटं धोतराला पुसायचे आणि आत जायचे. डावा दीड, उजवा पाऊण. डावा सव्वा, उजवा एक. पावसाळा आला तेव्हा त्यांनी चौकोनावर ताडपत्री धरली आणि स्वतः पावसात उभे राहिले. शाबास कधी म्हणाले नाहीत. 'बरं हाय' हा त्यांचा सर्वांत मोठा शब्द, तोही महिन्यातून एकदा.

पोळ्याच्या सुमारास एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊ, तुम्ही तेव्हा चूप राहिले असते, तर मी गेली असती तिथं."

"गेली असती."

"मग काऊन बोलले?"

त्यांनी बोटांवरचा चिखल धोतराला पुसला. मग म्हणाले, "माह्या दोस्ताचा एक बैल होता. पांढरा. पटाच्या आदल्या दिवशी मी पाह्यलं, मागचा पाय जपून राह्यला. दोस्त एवढा खूश होता, म्हटलं आपण काऊन बोलावं? चूप राह्यलो. बैल धावला. पह्यला आला, गावभर मिरवला. त्याच्यानंतर उठलाच नाई." ठशांकडे बघत म्हणाले, "त्याच्या घरी शिल्ड हाय अजून. मी त्या घरी जात नाई."

मग त्यांनी ठसे हाताने सारखे केले आणि उद्या लवकर ये म्हणाले.

मी आज ज्या संघातून खेळते तिथे मला आठ वर्षं झाली. फिजिओ आहेत, माझ्या उड्या मोजणारी यंत्रं आहेत, प्रत्येक सामन्यानंतर कागदावर माझं सगळं येतं. ती माणसं चांगली आहेत. पण मी खेळू शकेन की नाही हे विचारणारी माणसं आयुष्यात खूप भेटली. मी उद्याही चालू शकेन की नाही, हे आधी एकाच माणसाने पाहिलं. त्यांनी माझं वर्ष घेतलं असं गाव म्हणायचं, मीही म्हणायचे. आता मला वाटतं, त्यांनी घेतलं काहीच नाही. त्यांच्याकडे खर्रा, ग्रुप, जीपमधली जागा असं जे काही होतं, ते त्यांनी माझ्या गुडघ्यासाठी सोडलं. मी त्यांची ऋणी आहे हे वाक्य भाषणात म्हणतात तसं मला म्हणायचं नाही. मी रोज जमिनीवर उतरते तेव्हा ऋणी असते.

दुसऱ्या वर्षीच्या निवडीला पुन्हा दोन जीपा आल्या. भाऊ एसटीने आले आणि आमच्या लोकांपासून दूर, मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाखाली बसले. उकिडवे. त्यांचा मोबाईल खिशात होता का हातात, ते मला दिसलं नाही, मी तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं तर? त्यांना पुन्हा काही दिसलं तर? ही माझी शेवटची संधी होती. खोटं सांगत नाही, पहिल्या सेटमध्ये मला समोरच्या संघापेक्षा त्या कडुलिंबाचीच भीती जास्त वाटत होती. मग खेळ सुरू झाला तसं विसरले. किती गुण काढले आठवत नाही. एवढं आठवतं की एकदा खूप उंच गेले आणि खाली येईपर्यंत मला खालचं काही आठवलंच नाही.

सामना संपल्यावर मॅडमनी वही काढली आणि इकडेतिकडे बघितलं. "मागच्या वर्षीचे ते काका कुठे आहेत? पायांचे व्हिडिओ काढणारे?"

आमच्या लोकांत कुजबुज झाली. ठेलेवाले काका म्हणाले, "त्यांचं काय ऐकता मॅडम," पण मॅडम स्वतःच कडुलिंबाकडे चालू लागल्या. मी त्यांच्या मागे. भाऊ उठून उभे राहिले.

"दाखवा," मॅडम म्हणाल्या. "यंदा पाय कसे आहेत?"

भाऊंनी खिशातून मोबाईल काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना ओशाळलेलं बघितलं. काहीतरी हरवून बसल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. पायांकडे नाही, तोंडाकडे.

"काढलंच नाई मॅडम."

"का?"

"पोरगी खेळून राह्यली होती न," भाऊ म्हणाले. "तेच पाहत राह्यलो. पाय पाहाचेच इसरलो."

मॅडम हसल्या आणि तिथेच, कडुलिंबाखाली उभ्या उभ्या, त्यांनी माझं नाव लिहिलं.